पिशवीचा उतारा

परदेशी नाण्यांची मिश्र पिशवी किलोवर विकली जाते. याचा अर्थ विकणाऱ्याने तिच्याकडे नाणी म्हणून पाहणे सोडले आहे. त्याच्या लेखी ती मोड आहे. पण त्याच्याही आधी कोणी पाहिलेच नव्हते असे मात्र समजू नये. बाजारात येणारी जवळपास प्रत्येक पिशवी एकदा तरी चाळलेली असते. म्हणून अशा पिशवीतून मोलाचे नाणे काढायचे तर आधी चाळणाऱ्याला ओळखावे लागते, नाण्यांची ओळख नंतर. तो कोण होता, त्याने काय काढून घेतले आणि त्याला कशाची माहिती नव्हती? त्याची माहिती जिथे संपली तिथून आपला उतारा सुरू होतो.

उतारा म्हणजे काय हे नेवासा तालुक्यातल्या आमच्या सोनईत सांगावे लागत नाही. मुळा सहकारी साखर कारखान्याच्या काट्यावर ऊस टनावर मोजतात, पण हंगामाचा हिशेब शेवटी किती टक्के साखर उतरली यावरच होतो. सरासरी पाच ग्रॅमचे नाणे धरले तर एका किलोत दोनशेच्या आसपास नाणी भरतात. त्यांतली कामाची किती, आणि ती काढायला वेळ किती गेला, एवढाच पिशवीचा हिशेब. बाकीची कहाणी लोक रंगवून सांगतात.

पिशवी येते कुठून

शिर्डीहून शनिशिंगणापूरला निघालेली वाहने राहुरीवरून सोनईत येतात. शिंगणापूर इथून पाच-सहा किलोमीटरवर. दारे नसलेल्या घरांच्या त्या गावात जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने बिनकुलपाची म्हणून गाजलेली शाखा उघडली. शाखा बिनकुलपाची असो की तिजोरीची, परदेशी नाणे मात्र आपल्याकडच्या कुठल्याच बँकेच्या कामाचे नाही. बँका आणि चलन बदलून देणारे परदेशी नोटा घेतात, नाणी घेत नाहीत. मिश्र पिशव्या तयार होण्याचे मूळ कारण हेच. डॉलरची नोट रुपयांत मोडते. पाव डॉलरचे नाणे खिशातून डब्यात, डब्यातून दानपेटीत, नाहीतर पोरांच्या खेळात जाते. तिरुमला तिरुपती देवस्थानाने अशी जमलेली परदेशी नाणी देशवार लॉट पाडून लिलावाने विकली आहेत. लहान प्रमाणावर तीच वाट पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबई-पुण्याच्या नाणेप्रदर्शनांत येऊन मिळते.

देवस्थानाची वाट ही फक्त आजची वाट आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जुन्या घरांतून निघणाऱ्या पिशवीला आणखी तीन वाटा असू शकतात, आणि कोणती पिशवी कोणत्या वाटेने आली हे कळले तर निम्मे काम झाले. पहिली वाट निजामाची. नेवासा तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आहे. प्रवरासंगमाला नदी ओलांडली की १९४८ पर्यंत दुसऱ्याचे राज्य आणि दुसऱ्याचे चलन होते. तेव्हाच्या हिशेबाने हैदराबादी रुपया इथे परकाच. दुसरी वाट मिशनची आणि छावणीची. नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याला एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते; पक्ष्यांचे अभ्यासक रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक तिथलेच. नगरच्या छावणीत बोअर युद्धाचे कैदी होते, पहिल्या महायुद्धात जर्मन नजरकैदी होते. तिसरी वाट अलीकडची: आखातात नोकरी, युरोप-अमेरिकेत पोरे, आणि सहलीच्या कंपनीबरोबर बँकॉक-सिंगापूर.

या वाटा एकमेकींत मिसळतात हे खरे. तरीही ज्या पिशवीत थाई बाहत, दिरहम आणि सिंगापूरचे सेंट ढिगाने आहेत तिच्यात व्हिक्टोरियाचे शिलिंग शोधत बसणे म्हणजे वेळ दवडणे, आणि जिच्यात ढब्बू पेन्या, पूर्व आफ्रिकेचे सेंट आणि भोकाची नाणी आहेत तिच्यात युरो शोधू नयेत.

पिशवी बंद कधी झाली, आणि उघडली कोणी

सोनईपासून फार लांब नसलेल्या नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. तिथे प्रत्येक वस्तूला थर होता. कोणत्या थरात सापडली यावरून तिचा काळ ठरत होता. पिशवीत थर नसतात, ती हलवली की सगळे एक होते. पण पुरातत्त्वात जमिनीत पुरलेल्या नाण्यांच्या ठेवीला एक नियम लावतात, तो पिशवीलाही लागतो: ठेव तिच्यातल्या सर्वांत तरुण नाण्याच्या आधी बंद झालेली असू शकत नाही. एखादे चुकार नवे नाणे नंतर पडलेले असते, म्हणून एकाच्या सालावर विसंबू नये; नव्या नाण्यांचा घोळका कुठे थांबतो ते पाहावे.

१ जानेवारी २००२ ला युरो हातात आला. पिशवीत जर्मन मार्क, फ्रेंच फ्रँक, इटालियन लिरा भरपूर आहेत आणि युरो एकही नाही, तर ती त्याआधी बंद झाली. जिथे घोळका १९६०च्या सुमारास थांबतो ती पिशवी डोळ्यांत तेल घालून पाहावी, कारण तेव्हा अर्ध्या जगाच्या चलनात अजून चांदी होती.

आता जास्त महत्त्वाचा भाग, आणि याकडे नवखे लक्षच देत नाहीत: पिशवीत जे नाही त्याचा पुरावा. समजा ब्रिटिश नाणी पुष्कळ आहेत. ब्राँझच्या पेन्या १९०२ पासून १९६७ पर्यंतच्या सापडतात, अर्ध्या पेन्याही तशाच. पण सहा पेनी, शिलिंग, फ्लोरिन ही सगळी १९४७ नंतरचीच. ही नाणी एकाच खिशात, एकाच काळात वावरली. पेन्या १९१५च्या असतील तर शिलिंगही काही १९१५चे असायला हवे होते. नाहीत, म्हणजे ते कोणीतरी काढून घेतले. १९४६ पर्यंतच्या ब्रिटिश नाण्यांत चांदी आहे आणि १९४७ पासून नाही, हे माहीत असलेल्या माणसाच्या हाताखालून ही पिशवी गेलेली आहे.

इथे बहुतेक जण पिशवी परत ठेवतात. माझ्या मते खरे काम इथून पुढे आहे. चाळणारा चांदीचा जाणकार होता, पण चाळले कसे? मोठी चांदी गेली आणि बारकी राहिली असेल तर त्याने नुसत्या नजरेने वरवर उचलले. ब्रिटिशांचे चांदीचे तीन पेनी जेमतेम १.४१ ग्रॅमचे असते. हॉलंडचे जुने दहा सेंट, १९४५ पर्यंतचे, १.४ ग्रॅमचे आणि ६४ टक्के चांदीचे. काळवंडले की ही नाणी शर्टाच्या गुंडीसारखी दिसतात आणि पिशवीच्या तळाशी जातात. म्हणून पिशवी तळाकडून वाचावी. वरून वाचलेली ती आधीच्यानेच आहे.

आणि चांदी अगदी निपटून नेली असेल तर? मग तो सराफी वळणाचा माणूस होता, त्याला धातू कळत होता, नाणे कळत नव्हते. त्याने ब्राँझच्या पेनीकडे ढुंकूनही पाहिलेले नसते. १९१७ची पेनी दहा कोटींहून जास्त पाडली गेली, तिला कोणी विचारत नाही. पण १९५०ची दोन लाख चाळीस हजार आणि १९५१ची एक लाख वीस हजारच. १९१८ आणि १९१९च्या काही पेन्यांवर सालाच्या डावीकडे बारीक ‘केएन’ अशी अक्षरे आहेत; त्या किंग्ज नॉर्टनच्या टाकसाळीत पाडल्या गेल्या, आणि बिनअक्षरीपेक्षा कितीतरी विरळ आहेत. सराफाच्या काट्यावर या दोन्ही पेन्या सारख्याच.

उलट बाजूने, चांदी शाबूत आहे पण दिसायला देखणे एकही नाणे नाही, भोकाचे नाही, आठ कोनांचे नाही, प्राण्यापक्ष्याचे चित्र नाही, तर पिशवी घरातल्या पोरांनी चाळली आहे. ही सर्वांत चांगली.

चांदी कधी गेली

सालांची यादी पाठ करायला हरकत नाही, पण कारण कळले तर यादी आपोआप लक्षात राहते. नाण्यातल्या चांदीचा बाजारभाव दर्शनी किमतीच्या जवळ आला की सरकारला नाणे तोट्यात पाडावे लागते आणि लोक ते वितळवतात. चांदी नाण्यांतून तीन लाटांत गेली. पहिल्या महायुद्धानंतर चांदी कडाडली, म्हणून ब्रिटनने १९२० मध्ये ९२.५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर उडी मारली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने आणि हिंदुस्थान सरकारने अमेरिकेकडून चांदी उसनी घेतली, ती परत करायची होती. म्हणून ब्रिटिश नाणी १९४७ पासून तांबे-निकेलची झाली आणि आपला रुपया, जो १९४० मध्येच ९१.७ वरून ५० टक्क्यांवर आला होता, १९४७ ला निव्वळ निकेलचा निघाला. तिसरी लाट १९६० नंतरची: अमेरिकेचे दहा सेंट आणि पाव डॉलर १९६४ पर्यंत ९० टक्के चांदीचे, स्वित्झर्लंडचे अर्धा, एक आणि दोन फ्रँक १९६७ पर्यंत ८३.५ टक्क्यांचे. ऑस्ट्रेलिया १९४५ पर्यंत ९२.५ आणि मग १९६४ पर्यंत ५०. जर्मनीचे पाच मार्क सर्वांत उशिरा टिकले: १९७४ पर्यंत ११.२ ग्रॅमच्या नाण्यात ६२.५ टक्के, म्हणजे नेमकी सात ग्रॅम चांदी.

आता एक बारकावा. ब्रिटिशांनी धातू बदलला पण वजन बदलले नाही. १९१९चा शिलिंग ५.६६ ग्रॅम, १९३० चाही तेवढाच, १९५० चाही तेवढाच. आतली चांदी मात्र अनुक्रमे ५.२३ ग्रॅम, २.८३ ग्रॅम आणि शून्य. इथे काटा मुका आहे, साल वाचावेच लागते. अमेरिकेचे तसे नाही. पाव डॉलर चांदीचा असताना ६.२५ ग्रॅम होता आणि नंतर ५.६७ झाला, शिवाय नव्याच्या किनारीला तांब्याची लाल रेघ दिसते. अशी नाणी तळहातावर उभी रचून फक्त किनार पाहत गेले तर दहा मिनिटांत किलोभर संपतात. कोणत्या देशाला साल, कोणत्याला किनार, कोणत्याला काटा, हे एकदा ठरवून घेतले की हात चालतो.

साल पुसलेले असेल आणि वजन साथ देत नसेल, तर सराफांची पाण्यातली तपासणी. नाणे दोऱ्याला बांधून आधी हवेत तोलायचे, मग पाण्यात बुडवून. किती हलके झाले यावरून घनता निघते. एडवर्ड किंवा पाचव्या जॉर्जचा कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, चांदी ९१.७ टक्के असेल तर पाण्यात तो साधारण १.१३ ग्रॅमने हलका होतो. १९४० नंतरचा निम्म्या चांदीचा १.२२ ने. तांबे-निकेलचा, तेवढ्याच वजनाचा असता तर १.३१ ने. फरक ग्रॅमच्या दहाव्या भागाचा, म्हणून काटा शतांश ग्रॅम दाखवणारा हवा, दोरा बारीक हवा, आणि नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा झटकून टाकायला हवा. हा बुडबुडा चांदीला गिलीट ठरवून मोकळा होतो. कसोटीच्या दगडावर घासून कस पाहणे हे मात्र नाण्याच्या बाबतीत महापाप. तो चरा कायमचा.

चुंबक, आणि थायलंडचे सोंग

चुंबक पहिल्या झटक्यात पिशवी दुभागतो, म्हणून त्याचा मान मोठा आहे. पण तो काय सांगतो हे नीट समजून घ्यावे. चिकटले ते पोलादी किंवा निकेलचे. न चिकटलेले चांदीचेच असे नाही, ते तांबे-निकेल, पितळ, ब्राँझ, ॲल्युमिनियम काहीही असू शकते. चुंबक फक्त नकार देतो. ‘चांदीचा जुना डॉलर’ म्हणून हातात दिलेले नाणे चुंबकाला उडी मारून चिकटले की त्या सौद्याचे बोलणे तिथेच संपते.

आजच्या वाटेने आलेल्या पिशवीत चुंबकाचा सर्वांत चांगला उपयोग वेगळाच आहे. दोन युरोचे नाणे द्विधातूचे: कडा पांढरी, मध्य पिवळा, व्यास २५.७५ मिलिमीटर, वजन ८.५ ग्रॅम. थायलंडचे दहा बाहत १९८८ पासून अगदी त्याच घडणीचे, २६ मिलिमीटर, वजनही ८.५ ग्रॅमच. मराठी माणूस थायलंडला जितका जातो तितका युरोपला जात नाही, त्यामुळे आपल्या पिशव्यांत युरोच्या सोंगातले बाहतच जास्त. पण युरोच्या पिवळ्या भागाच्या पोटात निकेलचा पापुद्रा आहे, म्हणून मध्याला चुंबक हलकेच ओढतो. बाहतचा मध्य ॲल्युमिनियम-ब्राँझचा, तो ढिम्म. ढिगावरून चुंबक फिरवला की युरो हातात येतात.

आणि ते आले की त्यांना कमी लेखू नये. एक किलो दोन युरोची नाणी म्हणजे सव्वादोनशेहून अधिक युरो. नाणेसंग्राहक यांना तुच्छ मानतात, कारण ती दुर्मीळ नाहीत. पण पिशवीतल्या बहुतेक चांदीपेक्षा हा पैसा रोख आहे; फक्त तो युरोपात जाणाऱ्या भाच्या-पुतण्याच्या खिशातून खर्च व्हावा लागतो. बाद झालेल्यांतही भेद आहे. जर्मनीची मध्यवर्ती बँक मार्कची नाणी आजही मुदतीशिवाय बदलून देते, एका युरोला १.९५५८३ मार्क या दराने. फ्रान्सने फ्रँकच्या नाण्यांची मुदत २००५ लाच संपवली. इंग्लंडचा गोल पाउंड १५ ऑक्टोबर २०१७ ला दुकानांतून बाद झाला. चालतो तो बारा कोनांचा. स्विस फ्रँक मात्र कोणत्याही सालचा सापडला तरी बाजूला ठेवावा: १९६७ पर्यंतचा असेल तर चांदी आहे, १९६८ नंतरचा असेल तर तिथे अजून चालतो.

बाहतची सगळी रास मोडीत टाकण्यापूर्वी साल वाचावे. थाई साल बौद्ध संवतातले असते, त्यातून ५४३ वजा करायचे. २५३३, म्हणजे १९९० सालची दहा बाहतची नाणी अवघी १०० पाडल्याची नोंद आहे. ती आपल्या पिशवीत असण्याची शक्यता नसल्यात जमा, आणि कोणी आग्रहाने दाखवलेच तर ते बनावट असण्याची शक्यता भरपूर. तरी साल वाचायला काही पडत नाही.

साल वाचण्यात मराठी माणसाला एक सवलत जन्मजात आहे. नेपाळच्या नाण्यावरचे साल देवनागरी आकड्यांत आणि विक्रम संवतात असते. ५७ वजा केले की इसवी सन. युरोपातल्या पिशव्यांत ही नाणी ‘पौर्वात्य, अनोळखी’ म्हणून एका कोपऱ्यात पडून असतात. राजे त्रिभुवनांच्या काळातले चांदीचे रुपये तशाच ढिगात मिसळलेले असतात. इथे फसगत होते ती आपलीच: नेपाळी नाण्यावर २०२० दिसले की हात पुढे सरकतो, पण ते १९६३चे आहे. अरबी आकड्यांतले हिजरी साल ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की जवळपास इसवी सन येते. जपानी शोवा सालात १९२५ मिळवायचे.

परका रुपया, घरचा उतारा

नगर जिल्ह्यापुरते बोलायचे तर पिशवीतला सर्वांत उपेक्षित भाग हैदराबादचा, आणि माझे मन तिथेच जास्त रमते. चारमिनारच्या छापाचा रुपया ओळखायला सोपा. कमानीत एक उर्दू अक्षर असते: ‘मीम’ असेल तर महबूब अली खान, ‘ऐन’ असेल तर १९११ ला गादीवर आलेले उस्मान अली खान. नवा निजाम आला तेव्हा १३२९-३० हिजरीच्या रुपयांवर कमानीतला ‘ऐन’ अर्धाच उमटला, पुढे तो पूर्ण झाला. अर्ध्या आणि पूर्ण ‘ऐन’ला वेगवेगळे गिऱ्हाईक आहे, आणि ज्याला उर्दूचे अक्षर लागत नाही त्याला दोन्ही सारखेच चारमिनार दिसतात.

हा हाली सिक्का कलदारापेक्षा हलका: ११.१८ ग्रॅम आणि चांदी ८१.८ टक्के, म्हणजे निव्वळ ९.१४ ग्रॅम. कलदारात १०.६९. गोदावरीच्या दोन तीरांवर व्यवहार होत तेव्हा शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली असा हिशेब होता; सोपा करून सांगायचा तर सहा कलदारांना सात हाली. आता १०.६९ला ९.१४ ने भागून पाहा, १.१७ येते; सातला सहाने भागा, तेवढेच. सरकारी दर आणि चांदीचा कस एकमेकांवर असे बसले आहेत. पिशवीत ११.६६ ऐवजी ११.१८ भरलेला रुपया झिजलेला कलदार समजून मोडीच्या भावात घालवणारे सराफी काटे मी पाहिले आहेत. झिजेने अर्धा ग्रॅम जात नाही असे नाही, पण तेवढा झिजल्यावर राजाचा कान दिसत नाही. छाप ठसठशीत आणि वजन कमी, तर नाणे दुसऱ्या राज्याचे.

मुंबईच्या टाकसाळीचे नातेही असेच डोळ्यांआड राहते. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या पेन्या १९४२-४३ मध्ये मुंबईत पाडल्या गेल्या. राजाच्या मुखवट्याखाली त्यांवर बारीक इंग्रजी ‘आय’ आहे, इंडियाचा. पूर्वेकडच्या व्यापारासाठी पाडलेल्या ब्रिटिश डॉलरवर त्रिशूळाच्या मधल्या टोकावर ‘बी’ असेल तर तोही मुंबईचा. १७८० सालचाच शिक्का कायम ठेवून पाडत राहिलेला मारिया थेरेसाचा थेलर, २८.०७ ग्रॅमचा, १९४०-४१ मध्ये मुंबईनेही पाडला, अरबस्तान आणि अबिसिनियासाठी. ऑस्ट्रेलियन पेनीला फारशी किंमत येत नाही हे आधीच सांगून ठेवतो. पण परदेशी पिशवीतले परदेशी नाणे फोर्टात जन्मलेले निघते, ते मी तरी परत पिशवीत टाकत नाही.

घासू नका, आणि भुलू नका

शनीच्या वाटेवरून आलेली नाणी तेलकट असतात. तेल तांब्यावर वर्षानुवर्षे राहिले की हिरवट किटण चढते. कोमट पाणी, साबणाचे चार थेंब, आणि नंतर टिपून वाळवणे. फार चिकट असेल तर नखावरचा रंग काढायचे ॲसिटोन. याच्या पलीकडे जाऊ नये. चिंच, राख, भांडी घासायची पावडर हे देवघरातल्या तांब्याला. नाण्याचा जुना रंग एकदा गेला की जाणकार गिऱ्हाईक निम्म्या भावावर येते, आणि तेही उपकार केल्यासारखे.

तीर्थक्षेत्रांच्या बाजारांत एक ठरलेला माल असतो: एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, अर्धा किंवा एक आणा, साल १८१८ किंवा त्याहून धाडसाने १७१७ वा १६१६; दुसऱ्या बाजूला रामदरबार नाहीतर हनुमान. कंपनीने असे नाणे कधीही पाडले नाही. पिशवीत सापडले तर बनावट म्हणून वेगळे काढावे. त्याच्यापुढचा मजला ‘राइस पुलर’चा, तांदूळ ओढणारे तांब्याचे नाणे कोटीला विकण्याचा, त्यात गावोगावची शहाणी माणसे बुडाली आहेत. जुनी नाणी लाखांत घेतो म्हणून आधी ‘शुल्क’ मागणाऱ्या जाहिरातींत रिझर्व्ह बँकेचे नाव वापरले जाऊ लागले, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला. खरा खरीदार पैसे देतो, मागत नाही.

कायद्याच्या दोन गोष्टी विकण्याआधी माहीत असाव्यात. बाजारातली पिशवी आणि शेतात नांगराला लागलेला गाडगेभर ऐवज या वेगळ्या बाबी आहेत: जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त मोलाचा निधी १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याला कळवावा लागतो. नेवासा परिसराची जमीन पाहता ही सूचना इथे कोरडी नाही. आणि शंभर वर्षे पुरी झालेले नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे परदेशी संकेतस्थळावर कितीही चढा भाव दिसला तरी अर्ध्या ‘ऐन’चा रुपया डाकेने तिकडे धाडायचा नाही. त्याचे गिऱ्हाईक इथेच शोधायचे, हैदराबादेत, पुण्याच्या प्रदर्शनात. आणि विकण्याआधी वाचून घ्यायचा असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे, सोनईहून जाऊन यायला एक दिवस पुरतो.